‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणं थांबवा, आणि आई-बाबांना खुर्चीतून उठवा



आजचा लेख ‘हे खा, ते खाऊ नका’ असा नाही. आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी, माझ्या डॉक्टर मित्रांशी आणि माझ्या स्वतःशीसुद्धा.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. आजी ६८ वर्षांच्या, मधुमेह १४ वर्षांपासून. (ओळख पटू नये म्हणून रुग्णांचे तपशील थोडे बदलले आहेत.) मी रिपोर्ट पाहिले, बीपी मोजलं, गोळ्या लिहून दिल्या. आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" पाच मिनिटांत हा प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता.

मुलगा हसला. म्हणाला, "सोडा हो डॉक्टर, साठी बुद्धी नाठी. चालायचंच. आम्ही तर तिला आता काही करूच देत नाही. स्वयंपाक नाही, बाजार नाही. नुसतं बसायचं, टीव्ही बघायचा, आराम करायचा."

हे तो अभिमानाने सांगत होता. त्याचं आईवर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या त्या चार वाक्यांत दोन मोठ्या चुका होत्या, आणि या दोन चुका मी भिवंडीत रोज ऐकतो. पहिली: वय झालं की विसरणारच, त्यात बघण्यासारखं काही नाही. दुसरी: शुगर आहे, वय झालंय, म्हणून आता आराम.

माझं म्हणणं सरळ आहे. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाला बसवून ठेवल्याने त्याची शुगर बिघडते, पाय जातात, आणि त्याचा मेंदूही लवकर थकण्याची शक्यता वाढते. ज्याला आपण सेवा म्हणतो, ती अनेकदा नुकसान करत असते.

मधुमेहाचा आणि मेंदूचा काय संबंध?

मधुमेह म्हटलं की आपल्याला डोळे, किडनी, पाय आणि हृदय आठवतं. त्या यादीत मेंदू नसतो. खरं तर तो वरच असायला हवा.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण शरीराला बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः साखरेतून मिळते आणि बारीक बारीक रक्तवाहिन्यांतून पोचते. मधुमेह नेमका याच बारीक रक्तवाहिन्यांवर घाव घालतो. डोळ्याच्या पडद्याचं जे होतं, किडनीचं जे होतं, तेच मेंदूतही होत असतं. फरक इतकाच की डोळ्याला झापड आली तर माणूस धावत येतो, मेंदूला आली तर घरचे म्हणतात "वय झालं".

सोबत बहुतेकांना बीपी असतं, कोलेस्टेरॉल असतं. मेंदूत छोटे छोटे झटके येऊन जातात, जे कळतही नाहीत. दुसरीकडे, औषधांमुळे शुगर वारंवार खूप खाली गेली तर त्यानेही मेंदूला इजा होते. म्हणजे शुगर जास्त असणं वाईट, आणि फार कमी होणंही वाईट.

आता आकडे बघा. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी अभ्यासाचा अहवाल २०२३ साली आला. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे आपण ज्याला डिमेन्शिया म्हणतो त्याचा, देशभरातला अंदाज प्रसिद्ध झाला: साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो.

पण हाच आकडा उलटा वाचा. साठीच्या पुढच्या १०० माणसांपैकी ९२-९३ जणांना स्मृतिभ्रंश नाही! मग साठीला बुद्धी जाते हे कुठून आलं? ही म्हण चुकीची आहे, आणि घातकसुद्धा आहे. कारण ती म्हटली की तपासणी थांबते.

साधं विसरणं कोणतं, काळजीचं कोणतं?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, शेजाऱ्याचं नाव पटकन न आठवणं आणि नंतर आठवणं, हे साधं. तुम्हा-आम्हालाही होतं.

पण खालच्या गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना सांगा:

- तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणं
- गोळी घेतली की नाही ते न आठवणं, दोनदा घेणं
- रोजच्या रस्त्यावर गोंधळणं
- पैशांचे हिशेब, गॅस बंद करणं, नेहमीची भाजी करणं यात नव्याने चुका होणं
- स्वभावात अचानक बदल, लोकांत मिसळणं बंद करणं

आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला असेल, तर ती इमर्जन्सी समजा. शुगर तपासा आणि लगेच दवाखान्यात या.

स्नायू म्हणजे साखरेचं गोदाम

आपण भिवंडीकर. गोदाम म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माल घेऊन ट्रक आला आणि गोदामात जागा नसली, तर ट्रक रस्त्यावर उभे राहतात आणि सगळा रस्ता तुंबतो.

जेवल्यावर रक्तात आलेली साखर उतरवून घेणारं सर्वांत मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन हा गोदामाचं दार उघडणारा माणूस. टाइप २ मधुमेहात हा माणूस हाक मारतो, पण दार नीट उघडत नाही. साखर रक्तातच उभी राहते. मात्र स्नायू काम करू लागले, आकुंचन पावू लागले, की मागचं दुसरं दार उघडतं. त्याला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. म्हणून चालल्यावर शुगर उतरते.

आपलं दुखणं हे की आपलं गोदामच मुळात लहान आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे एका फोटोतून जगाला दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, हा आपल्या लोकांचा नमुना. मग वय वाढलं की स्नायू आणखी झिजतात. आणि त्यावर आपण उपाय काय करतो? माणसाला खुर्चीत बसवतो! आधीच लहान असलेलं गोदाम आपल्या हाताने पाडतो.

व्यायामाने खरंच स्मरणशक्ती टिकते का?

इथे मी तुम्हाला फुगवून सांगणार नाही. "रोज चाला आणि स्मृतिभ्रंश कायमचा टाळा" असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. मधुमेह आणि जादा वजन असलेले पाच हजारांहून अधिक लोक त्यात होते. अर्ध्यांना आहार आणि व्यायामाचा कडक कार्यक्रम दिला. बऱ्याच वर्षांनी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासली, तर एकूण दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. हे लपवून मी लेख लिहिला तर मी आणि टॉनिक विकणारे यांच्यात फरक काय?

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘लाइफ’ नावाच्या दुसऱ्या अभ्यासात ७० ते ८९ वयाचे, फारशी हालचाल न करणारे १,६३५ लोक होते. एका गटाला दोन वर्षं चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला आरोग्यावरची व्याख्यानं. सगळे मिळून बघितलं तर मेंदूच्या चाचण्यांत फरक नव्हता. मात्र त्यातल्या मधुमेह असलेल्यांचा हिशेब वेगळा केला, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची एकूण विचारशक्ती आणि स्मरणशक्ती व्याख्यानवाल्यांपेक्षा बरी निघाली. हा एका छोट्या गटाचा निष्कर्ष आहे, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तो लक्षात ठेवावा असा नक्कीच आहे. शिवाय त्याच अभ्यासात व्यायाम करणाऱ्या गटात चालणं-फिरणंच बंद होण्याचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालं. स्वतःच्या पायाने संडासला जाता येणं ही म्हातारपणी किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी घरी बघितलंय त्यांना सांगायला नको.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी अर्ध्यांना आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं. दोन वर्षांनी त्यांची विचारशक्ती नुसता सल्ला मिळालेल्या लोकांपेक्षा चांगली राहिली. हा ‘फिंगर’ अभ्यास, २०१५ सालचा. आणि २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की स्मृतिभ्रंशामागे बदलता येण्यासारखी १४ कारणं आहेत. ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकेल. मधुमेह, बीपी, हालचाल नसणं, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, सगळं त्या यादीत आहे.

म्हणजे व्यायाम ही हमी नाही. पण खुर्चीत बसण्याच्या बाजूने एकही अभ्यास नाही!

"पण डॉक्टर..."

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेऊ.

"आयुष्यभर लूमवर उभा होतो. माझा व्यायाम तेव्हाच झाला." काका, तुमच्या कष्टांना माझा नमस्कार. पण पाळीभर उभं राहणं हे थकवणारं काम आहे, त्याने हृदयाची आणि स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. आणि वाढली असती तरी ती साठवून ठेवता येत नाही. चाळिशीतला व्यायाम सत्तरीत वापरता येत नाही. उलट लूमने तुम्हाला दुसरी एक गोष्ट दिली असण्याची शक्यता आहे: कानांचं नुकसान. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, मग तो बोलण्यात भाग घेत नाही, एकटा पडतो. कमी ऐकू येणं हे वरच्या १४ कारणांपैकी एक आहे. म्हणून लूमवर काम केलेल्या प्रत्येकाने कान तपासून घ्यावेत. अनेकदा घरच्यांना वाटतं बाबा विसरतात, आणि बाबांनी मुळात ऐकलेलंच नसतं.

"मी घरातलं सगळं करते की." ताई, घरकाम उपयोगाचं आहेच, ते सोडू नका. पण त्यात सलग दहा मिनिटं श्वास थोडा वाढेल असं चालणं किती वेळा होतं? आणि साठीनंतर सुना-मुली घरकामही काढून घेतात, तेव्हा तर काहीच उरत नाही.

"गुडघे दुखतात." दुखतात म्हणून हालचाल बंद केली की मांडीचे स्नायू बारीक होतात, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि गुडघे जास्त दुखतात. चालणं जमत नसेल तर खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम करा. तेही होत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

"त्यापेक्षा मेंदूचं टॉनिक लिहून द्या." नाही देणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी बी आणि ई व्हिटॅमिन किंवा इतर पूरक गोळ्या देऊ नयेत. त्याच मार्गदर्शनात शारीरिक हालचालीची मात्र शिफारस आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी १२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं. ते रक्त तपासून कळतं आणि कमी असेल तर औषध द्यावंच लागतं. तपासून द्यायचं, अंदाजाने नाही.

"चालताना शुगर कमी झाली तर?" हा प्रश्न मात्र शंभर टक्के बरोबर आहे. आणि इथेच मला माझं स्वतःचं माप पदरात घालायचं आहे.

माझी चूक

माझे एक जुने रुग्ण. वय ७१, चाळीस वर्षं लूम चालवलेला माणूस. त्यांचं एचबीएवनसी ६.१ आलं की मी म्हणायचो, "वा काका, मस्त!" केसपेपरवर दर वेळी लिहायचो, "रोज ३० मिनिटे चालणे." ते मान हलवायचे, मी पुढचा पेशंट बोलवायचो.

एके दिवशी दुपारी त्यांना घरच्यांनी रिक्षात घालून आणलं. घामाने निथळलेले, काहीतरी असंबद्ध बोलत होते. घरच्यांना वाटलं पॅरालिसिसचा झटका. शुगर तपासली तर ४१. सकाळची गोळी घेतल्याचं ते विसरले होते आणि दुपारी ती पुन्हा घेतली होती. सलाइनमधून ग्लुकोज गेलं आणि ते शुद्धीवर आले. वाचले.

नंतर शांतपणे त्यांच्या मुलीशी बोललो तेव्हा कळलं, वर्षभरापासून बाबा विसरतात. आणि दोन वर्षांपासून ते चालत नाहीत. रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय मुरगळून पडले होते, तेव्हापासून भीतीने घराबाहेर पडणंच बंद. मी दोन वर्षं "३० मिनिटे चालणे" लिहीत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं: काका, चालता कुठे? त्या वयात ६.१ हा आकडा मस्त नव्हता, धोक्याचा होता. तसली गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाची शुगर इतकी घट्ट आवळायची नसते. माणसाची तब्येत बघून ७ ते ८ च्या दरम्यान ठेवली तरी अनेकांना पुरते. मी आकड्यावर खूष होतो आणि माणूस माझ्यासमोर बसून हळूहळू निसटत होता.

म्हणून माझ्या व्यवसायातल्या मित्रांनाही सांगतो: "चाला" हे दोन अक्षरांचं औषध लिहिताना कधी, कुठे, किती आणि कोणासोबत हे विचारलं नाही, तर आपण काहीच लिहिलेलं नसतं.

"भिवंडीत चालायचं कुठे?"

हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्यावर मी तुमच्या बाजूचा आहे.

कल्याण नाका घ्या, धामणकर नाका घ्या, अंजूरफाटा घ्या. कंटेनर, रिक्षा, दुचाकी, मेट्रोचं काम, पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात धूळ. फुटपाथ असला तर त्यावर दुकान आहे. सत्तरीच्या माणसाला मी तिथे चालायला सांगणं म्हणजे हाड मोडून घ्यायला सांगणं. वऱ्हाळा तलावाच्या जवळ राहणारे नशीबवान, पण सगळं शहर कामतघरला राहत नाही. बायकांना तर मोकळेपणाने फिरायला जागा त्याहून कमी.

चालण्यालायक फुटपाथ, थकल्यावर बसायला बाक, सकाळी दोन तास ज्येष्ठांसाठी उघडी असलेली शाळेची मैदानं, ही चैनीची मागणी नाही. मधुमेहाच्या गोळीइतकीच ती गरजेची आहे. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला गटाराबरोबर हेही विचारा.

पण रस्ता सुधारेपर्यंत आई-बाबांचा मेंदू थांबणार नाही. म्हणून तोवर घरातच काय करता येईल ते सांगतो.

शतपावली परत आणा

आपल्याकडे जेवल्यावर शतपावली करायची रीत होती. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर नेमकं हेच तपासलं. रोज कधीही एकदम ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. दहा मिनिटं म्हणजे साधारण हजार पावलं. शंभराला दहाने गुणा, बस.

आठवड्याची योजना अशी:

१. रोज तीन वेळा, जेवणानंतर १० मिनिटं चालणं. गॅलरी, चाळीचा व्हरांडा, बिल्डिंगचं आवार, कठडा असलेली गच्ची, काहीही चालेल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हे उद्दिष्ट. पहिल्या आठवड्यात तीनच मिनिटं जमली तर तीन.

२. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकद. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा. भिंतीवर हात ठेवून ढकलणं. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन वर-खाली.

३. आठवड्यातून तीन दिवस तोल. ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. शेजारी कोणीतरी उभं राहावं.

४. मेंदूला काम परत द्या. भाजीचा हिशेब, किराण्याची यादी, नातवाला शिकवणं. चुकलं तर चुकू द्या. हातातून काम काढून घेऊ नका.

सुरू करण्याआधी:

- छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, चक्कर येत असेल, पायाला जखम असेल किंवा डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी चालू नका. शुगर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा.
- थरथर, घाम, गोंधळ वाटला तर थांबा. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या.
- चालायला लागल्यावर शुगर उतरू लागते, तेव्हा गोळ्या कमी कराव्या लागू शकतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.
- अनवाणी चालू नका. रोज रात्री तळपाय बघा.
- विसरणं सुरू झालं असेल तर गोळ्यांचा डबा घरातल्या एकाने ताब्यात घ्यावा.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा हे विचारा: स्मरणशक्तीची साधी चाचणी करायची का? बी १२ आणि थायरॉइड बघायचं का? कान, डोळे? झोपेची गोळी चालू आहे ती गरजेची आहे का? मन उदास आहे का? यांतली काही कारणं पूर्ण बरी होतात.

त्या आजींचं काय झालं?

चमत्कार झाला नाही. बी १२ कमी निघालं, ते दिलं. शुगर खाली पाडणारी एक गोळी बंद केली. मुलाला मी एकच औषध लिहून दिलं: रात्री जेवल्यावर आईला घेऊन व्हरांड्यात दहा मिनिटं. तो थोडा नाराज होऊन गेला. मला वाटलं, हा काही करणार नाही.

चार महिन्यांनी दोघं आले. आजी आता सकाळी पोरांच्या डब्याच्या पोळ्या करतात आणि भाजीवाल्याशी स्वतः घासाघीस करतात. खुर्चीतून उठताना हात लावावा लागत नाही. गोळीबद्दल त्यांनी या वेळीही विचारलं, पण एकदाच. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, त्यांच्या स्मरणशक्तीवर लक्ष ठेवावंच लागेल. मुलगा निघताना म्हणाला, "डॉक्टर, त्या दहा मिनिटांत आई बोलते माझ्याशी. टीव्हीपुढे बसलेली असायची तेव्हा बोलत नव्हती."

आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा आणि आई-बाबांना म्हणा, "चला, जरा फिरून येऊ." त्यांच्यासोबत चाला. तुमची चाळिशी उलटली असेल तर तुम्हालाही त्याची तेवढीच गरज आहे.

काळजी घ्या, आणि उठा!